आईचं औषध तीनदा जाळलं त्याची हकिगत

कारंजा (लाड),
आश्विन वद्य तृतीया, शके १८५७

तीर्थरूप दौलतराव मामा यांच्या सेवेशी,

भाचा जगदेव याचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार रीतीप्रमाणे लिहिला आहे. मनापासून घालायचा की नाही, ते पत्र संपेपर्यंत ठरवीन.) तुमची प्रकृती ठणठणीत असेलच; दुसऱ्याला घोर लावून स्वस्थ बसणाऱ्याची प्रकृती बिघडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. मामींच्या दम्याला थंडी सोसते का ते कळवावं. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. माझ्या उजव्या भुवईचे केस गेले आहेत, पण ते दिवाळीपर्यंत उगवतील असं सैफुद्दीनभाई कंदीलवाले म्हणतात. ते का गेले, ही हकिगत पुढे येईल. तुमच्यामुळे गेले, एवढं आत्ताच लिहून ठेवतो.

तुमचं कार्ड मिळालं. मी तीन कार्डं पाठवून, हात जोडून, एकच गोष्ट विचारली होती: आईला तुम्ही दर महिन्याला नागपूरहून जी पांढऱ्या भुकटीची बाटली पाठवता, तिच्यात आहे तरी काय? त्यावर तुमचं उत्तर, जसंच्या तसं: 'जगदेवास आशीर्वाद. बी.एस्सी. झालास ना? मग जाळून पाहा.' बस्स. खाली सहीसुद्धा अर्धी. मामा, हे कार्ड मी वर्गात मुलांसमोर वाचलं आणि रागाने माझ्या हातातला खडू मोडला. मी काही हौसेने विचारत नव्हतो. आईच्या छातीत धडधड होते, झोप येत नाही, हे तुम्हाला आठ वर्षांपासून ठाऊक आहे, कारण आठ वर्षं तुमची भुकटी ती दिवेलागणीला चिमूटभर घेते आणि 'दौलतच्या औषधानं बरं वाटते' म्हणते. यंदा पोळ्यानंतर धडधड वाढली. दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी विचारलं, सध्या काय घेता? आई म्हणाली, 'पांढरं'. डॉक्टर म्हणाले, पांढरं म्हणजे दहा हजार गोष्टी. नाव आणा, त्याशिवाय मी माझं औषध त्याच्यावर चढवणार नाही. म्हणून कार्डं लिहिली. तर तुम्ही नाव सांगितलं नाही ते नाहीच, वर पुढची बाटलीही बंद केलीत! भाद्रपदातली शेवटची. मी विचारण्याचा गुन्हा केला आणि शिक्षा तुमच्या बहिणीला झाली. तिच्या बाटलीत तेव्हा फार तर आठ-दहा चिमट्या उरल्या होत्या. हा न्याय कुठल्या कॉलेजात शिकवतात ते कळवावं.

तर मी जाळायचं ठरवलं. आता पुढचं तुम्हाला सांगणं म्हणजे गुरूलाच बाराखडी शिकवणं आहे (तुमची उभी हयात प्रयोगशाळेत गेली), पण बाबा माझ्या खांद्यावरून हे पत्र वाचताहेत आणि दर ओळीला 'म्हणजे काय?' विचारताहेत, म्हणून त्यांच्यासाठी लिहितो. भुकटी चिमूटभर तोलून चिनीमातीच्या बोटभर होडीत ठेवायची. ती होडी काचेच्या लांब नळीत सरकवायची, पुढे तांब्याची काळी भुकटी भरायची, आणि नळी खालून लालबुंद होईपर्यंत तापवायची. मग त्या पदार्थातल्या हायड्रोजनचं पाणी होतं आणि कार्बनचा वायू होतो. पाणी एका वाकड्या नळीत अडकतं, वायू पोटॅशचं पाणी भरलेल्या काचेच्या फुग्यांत अडकतो. दोन्ही आधी तोलायचे, नंतर तोलायचे, जेवढं वजन वाढलं त्यावरून हिशेब मांडायचा, की पदार्थात कार्बन किती, हायड्रोजन किती, आणि उरलेला ऑक्सिजन किती. (बाबांचं म्हणणं, मेल्यावर माणूस जाळून तो कसा होता हे सांगण्यासारखंच हे आहे. मी लिहीत राहिलो. वाद घातला असता तर पत्र पुरं झालं नसतं.)

सामान तुमचंच. कॉलेजातून काढून टाकलेल्या नळ्या, फुगे आणि काटा तुम्ही दोन वर्षांपूर्वी ट्रंकेत भरून पाठवलात, 'शाळेत प्रयोगशाळा काढ' म्हणून. आमच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक लोहचुंबक आणि पेंढा भरलेलं घुबड. त्या घुबडाशेजारी ती ट्रंक दोन वर्षं पडून होती. काट्याचं डावं पारडं हलकं निघालं, त्याला पोस्टाच्या तिकिटाचा कोपरा चिकटवला. नागपुरात गॅसची शेगडी असते. कारंज्यात गॅस फक्त लग्नाच्या वरातीत, बत्तीत असतो. म्हणून सैफुद्दीनभाईंना गाठलं. त्यांनी पत्र्याची, पन्हाळीच्या आकाराची भट्टी करून दिली, तिच्यात कोळसा भरायचा. नळी पाहून म्हणाले, 'मास्तर, हे दवाई तपासून राह्यले का तोप उडवून राह्यले?' मी म्हटलं, दवाई. ते म्हणाले, 'मंग मी दारापाशी बसतो.' शहाणा माणूस.

पहिलं दहन गोठ्याला लागून असलेल्या कोठीत केलं. आईने स्वतःच्या हाताने चिमूट काढून दिली. देताना ती बाटलीकडे पाहत होती, माझ्याकडे नाही. नळी तापली, लाल झाली, फुग्यांतून एक-एक बुडबुडा शिस्तीत जाऊ लागला, मला माझे कॉलेजचे दिवस आठवून भरून आलं. एवढ्यात बाबा बाजारातून आले. कोठीतून धूर, आत लाल उजेड, दारात सैफुद्दीनभाई कान झाकून बसलेले! बाबांनी एक शब्द न विचारता हौदातली बादली उचलली आणि उपडी केली. लाल काचेवर गार पाणी, मामा. त्या आवाजाने बैल दावं तोडून पार मोटारस्टँडपर्यंत गेला, आणि माझी भुवई गेली ती तेव्हाच. बाबा वर मलाच म्हणतात, 'घर वाचवलं मी.' (आत्ता वाचताहेत आणि मान हलवताहेत की खरंच वाचवलं. वाचवलं तर वाचवलं.) एक नळी फुटली, एक चिमूट गेली.

दुसरं दहन अंगणात, बाबांना रिसोडला पाठवून. तिथे त्यांना काही काम नव्हतं. मी काम तयार केलं. भुकटी तोलली, होडीत ठेवली, होडी ताटलीत ठेवली आणि सैफुद्दीनभाईंना हाक मारायला गेलो. परत आलो, होडी नळीत सरकवली, सगळं बिनबोभाट पार पडलं. हिशेब मांडला तर शंभरात ऐंशी भाग कार्बन, बारा हायड्रोजन, आठ ऑक्सिजन! चार दिवस मी पुस्तकं चाळत होतो. पुदिन्याच्या फुलाच्या जवळपास जातं, पण नेमकं ते नाही. दुसऱ्या कशाशीच जमेना. मामा, लाज सोडून लिहितो, मला वाटलं की आपण नवा पदार्थ शोधला. रात्रंदिवस त्याचं नाव काय ठेवायचं याचा विचार. 'जगदेवीन' असं वहीत शाईने लिहून खाली दोन रेघा मारल्या. हेडमास्तरांना सांगितलं, त्यांनी वर्गात सांगितलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पाचव्या दिवशी चतुराआत्याने (बाबांची बहीण, तुम्हाला आठवत असेल, तुमच्या लग्नात जिने वाजंत्र्यांना देवाचं गाणं वाजवायला लावलं ती) भाकरी वाढता वाढता विचारलं, 'कापूर पुरला का रे जगदेवा, का आनखी पाह्यजे होता?' मी घास ताटात परत ठेवला. तिचं म्हणणं असं: घरात आजारी माणसासाठी अग्नी पेटवला म्हणजे तो होमच, कापराशिवाय होम म्हणजे मिठाशिवाय वरण, आणि तू तर शिकून धर्म विसरला, म्हणून मी होडीत चांगला खडा ठेचून टाकला, वर नमस्कारही केला. तोलून झाल्यावर टाकला, मामा! ऐंशी टक्के कार्बन ती बाई नमस्कार करून आत घालून गेली होती. मी ओरडलो. आत्या म्हणाली, 'मंग पुन्यांदा कर, मी काही बोलत नाही, पन कापराबिगर गुण येणार नाही.' वहीतल्या जगदेवीनवर मी शाई सांडली. टाळ्या वाजवलेली मुलं अजून मला पाहून हसतात. पण खरी गोष्ट वेगळी होती. आणखी एक चिमूट गेली होती, आणि मी आईकडे बाटली मागायला गेलो तर तिने ती पदराखाली धरली. त्या रात्री ती बसूनच होती असं आत्या म्हणाली. जे कळावं म्हणून मी जाळत होतो त्यापायी तिचं औषध संपत होतं, आणि कळत काही नव्हतंच.

तिसरं दहन मी कोठीला आतून कडी लावून, आत्याला देवळात, बाबांना शेतात आणि सैफुद्दीनभाईंना दाराबाहेर ठेवून केलं. सुरेख झालं. दोनदा हिशेब केला: कार्बन चाळीस, हायड्रोजन पावणेसात, बाकी ऑक्सिजन. म्हणजे कार्बन एक, हायड्रोजन दोन, ऑक्सिजन एक. आणि मग पुस्तक उघडलं. हे प्रमाण कशाकशाचं? व्हिनेगरच्या आंबटाचं, पण ते पातळ. द्राक्षसाखरेचं, पण ती मी आधीच बाद केली होती, कारण आठ वर्षांत त्या बाटलीला एकही मुंगी लागलेली मला दिसली नव्हती, आणि कारंज्याच्या मुंग्या किती चिकट ते तुम्ही जाणता. तिसरी ओळ मी दोनदा वाचली: मुडदे ठेवायच्या द्रवातून जी पांढरी भुकटी निघते, रोग्याची खोली धुरवायला जी जाळतात, तिचंही प्रमाण हेच. पोटात गेली तर विष! तिला उग्र वास असतो म्हणतात, पण तीन आठवडे कोळशाचा धूर खाल्लेल्या माझ्या नाकाला तेव्हा हिंगाचाही वास येत नव्हता. मला एवढंच सुचलं की मामांनी शीशी उचलताना चूक केली, आणि माझी आई आठ वर्षं विष खाते आहे. आठ वर्षं विष खाऊन माणूस जगत नाही, हे सुचायला डोकं जागेवर लागतं. ते नव्हतं.

पुढचं लिहायला शरम वाटते, पण तुम्हाला वाचायला लावणार. मी धावत माजघरात गेलो, बाटली हिसकावली, बाबांना शेतातून हाका मारून डॉक्टरांकडे पिटाळलं आणि आईला मिठाचं कोमट पाणी पाजलं. एक लोटा, दोन लोटे. साठीची बाई, मामा, मोरीपाशी ओणवी बसून ओकत होती आणि मी तिची पाठ चोळत तुम्हाला शिव्या देत होतो. (एकूण अकरा. त्यांतल्या दोन नवीन होत्या.) आत्या रडत होती आणि 'मी म्हनलं होतं' असं म्हणत होती. आईने चूळ भरली, तोंड पुसलं आणि शांतपणे विचारलं, 'झालं तुहं?' मी म्हटलं, आई, ते विष आहे, मामांनी विष पाठवलं. ती उठली. देवघरातून कुंकवाचा करंडा आणला, झाकण काढलं. त्यात कुंकू नव्हतं, पांढरी भुकटी होती. मी जाळून जाळून संपवीन म्हणून तिने पाच-सहा चिमट्या लपवून ठेवल्या होत्या. त्यातली एक माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, 'चाट.'

मला तुमचा हात आठवला. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी टेबलावर सांडलेलं काहीतरी बोटाने चाटलं होतं आणि तुम्ही सगळ्यांदेखत फाडकन थोबाडीत दिली होती: 'अनोळखी पदार्थ जिभेला लावतो तो रसायनवाला नव्हे, तो माशी.' तेव्हापासून मी प्रयोगातला पदार्थ चाखलेला नाही. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, 'मामाचा नियम मामाले सांग. मी तुही माय हाओ. चाट.' चाटलं. गोड, मामा! अगदी मंद, दुधाच्या भांड्याला तळाशी लागलेल्या खरवडीसारखं गोड. दुधाची साखर! पुड्या बांधायला तुमच्या डॉक्टर मंडळींच्या औषधांत कालवतात ती. तीन चिमट्या जाळल्या, नळी फोडली, भुवई घालवली, बैल पळवला, आईला ओकायला लावलं, आणि जीभ तोंडातच होती.

'तुला माहीत होतं?' मी विचारलं. ती म्हणाली, 'मले पयल्या दिवशीच समजलं. लहानपनी मले ताप आला का दौलत असाच फडक्यात साखर बांधून आनत होता न् औषध हाये म्हनत होता. त्याले वाटते का आपल्या बहिनीले काही समजत नाही.' मग का घेत होतीस? तर ती करंड्याचं झाकण लावत राहिली. आत्याने मला कोपराने ढोसलं आणि खाटेवरची वाकळ दाखवली. त्या वाकळेखाली मी लहानपणापासून नव्हे, पण गेली पाच-सहा थंड्या झोपतो, आणि ती पांढऱ्या तुकड्यांची आहे यापलीकडे मी तिच्याकडे कधी पाहिलेलं नाही. उलटी करून पाहिली. आतल्या बाजूने प्रत्येक तुकड्यावर शाई: 'सौ. प्रयागबाई उकंडराव, मु. कारंजा'. तुमची पार्सलं शिवलेली कापडं, दर महिन्याला कडेला एक जोडलेली. नव्वदच्या वर आहेत, मी मोजली. तुमचा 'प्र' पहिल्या वर्षी ताठ होता, आता खाली झुकतो. तिला वाचता येत नाही, पण कुठला तुकडा कुठल्या महिन्याचा ते ती बोट ठेवून सांगते. ज्यात गुरफटून मी तुम्हाला तीन आठवडे शिव्या दिल्या, त्यावर सगळीकडे तुमचंच अक्षर होतं.

तेव्हा आता माझा राग नीट वाटून घ्या. बाबांवर आहे, कारण आठ वर्षांपूर्वी भाऊबीजेच्या ताटावर 'बाटल्या धुऊन धुऊन हाताच्या रेषा पुसल्या असतील दौलतराव' असं तेच बोलले. (खांद्यावरचा श्वास थांबला आहे. थांबू दे.) तुमच्यावर जास्त आहे. अर्ध्या ताटावरून उठून जाणं एक वेळ समजतं. पण उंबरठा न ओलांडण्याची शपथ घ्यायची आणि मग दर महिन्याला साखर शिवून पाठवायची, हा कुठला मान? आणि एका पोराने नाव विचारलं म्हणून तीही बंद करायची? डॉक्टर येऊन नाडी पाहून गेले. हृदय उत्तम आहे म्हणाले, मनाला काही खुपतंय. मी नाव लिहून दिलं: दुधाची साखर. ते हसले नाहीत, एवढ्यापुरता मी त्यांचा आभारी आहे. तुमची ट्रंक मी परत पाठवतो आहे. यापुढे या घरात कोणी काही जाळणार नाही, आणि तुमच्या फसवणुकीची बाटली या घरात येणार नाही. इथे संबंध संपला. मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा संतापलेला,
जगदेव

ता. क. — बाटली ताबडतोब पाठवा. तीच. आईने चिमूट घेणं थांबवल्याला आज अकरावा दिवस, तिचा डोळा लागलेला नाही. नाव-बिव लिहू नका. पत्ता तेवढा कापडावर स्वतःच्या हाताने लिहा, कारकुनाला देऊ नका, तिला ओळखू येतं.

ता. क. २ — वरचं खोडावंसं वाटतं, पण शाई वाळली. पाठवू नका. घेऊन या. भाऊबीजेला अजून चौदा दिवस आहेत, मूर्तिजापूरची गाडी तुम्हाला ठाऊक आहे, आणि तुमचं पाटावरचं ठिकाण अजून कोणाला दिलेलं नाही, तिथे आई आत्यालाही बसू देत नाही. आईला मी काही सांगितलेलं नाही. ती मात्र तुमच्यासाठी पाट धुऊन उन्हात ठेवायला लागली आहे, ते मी तिला विचारलेलंही नाही.

ता. क. ३ — बाबांनी लेखणी हातातून घेतली होती, काही लिहिलं नाही, परत दिली. म्हणतात, माफीबिफी लिहू नको, सीताफळं पिकली आहेत एवढं लिही, आणि स्टेशनवर बैलांची दमणी घेऊन मी स्वतः येतो असं लिही. मग खाटेवर बसून छाती चोळत म्हणाले की त्यांनाही कालपासून इथे जरासं धडधडून राह्यलं आहे. दोन बाटल्या आणा.